झालंच समजा

सोमवार, ५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कल्पना माझी नाही, सासूबाईंचा हुकूम आहे. त्या म्हणाल्या, "इंग्रजी लिहायचं तर आधी रोज चार ओळी मराठीत लिहायची सवय लावा. दिवसभरात जे झालं ते, आणि तेवढंच." वही त्यांनीच आणून दिली. आता ही वही त्या वाचणार का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. बायकोकडून परस्पर चौकशी केली. वाचणार नाहीत म्हणे. तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

झालंय असं की आमची लिफ्टची कंपनी विकली गेली. नवे साहेब आले, त्यांना मराठीचा गंध नाही. त्यांनी सगळ्या मेकॅनिकना उभं करून सांगितलं, एक फेब्रुवारीपासून देखभालीचे रिपोर्ट इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत. आत्तापर्यंत आम्ही कार्डावर बरोबरच्या खुणा करत होतो. तेल, टिक. दोर, टिक. ब्रेक, टिक. महिनाअखेरीस साहेब सगळ्यांचे रिपोर्ट बघणार, आणि ज्याला जमलं नाही त्याची रवानगी गोदामात. गोदाम म्हणजे तळघर, एक ट्यूबलाइट आणि नटबोल्टचे खण. सव्वीस वर्षं मी लिफ्टच्या टपावर बसून काढली. वर चढणारा माणूस मी, मला तळघरात घालणार? जीव गेला तरी नको.

घरात इंग्रजीचा खजिनाच आहे, याची बायकोने आठवण करून दिली. सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दोन वर्षांपासून त्या आमच्याकडेच असतात. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, आमचं बोलणं "जेवलात का?" आणि "हो" याच्या पुढे कधी गेलेलं नाही. जावयाने सासूपुढे पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं म्हणजे कमालच झाली. पण अडला हरी.

शुक्रवार, ९ जानेवारी

पहिला धडा. पहिल्या धड्याच्या आधीच माझी फजिती झाली.

बाहेरून सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, चहा निवतोय." मी आतल्या खोलीत शर्ट शोधत होतो. म्हटलं, "आलोच!" पाच मिनिटांनी बाहेर आलो तर त्यांनी वहीत तारीख घालून ठेवली होती. म्हणाल्या, "तुम्ही 'आलोच' म्हणालात. तेव्हा आला होतात?"

"नाही, शर्ट..."

"बघा. आपण न झालेल्या गोष्टीला झाली म्हणतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण दोघांनाही ठाऊक असतं. इंग्रजी माणूस मात्र तुम्हाला खोलीत शोधायला लागेल."

मला आवडलं ते. कामावर स्प्रिंगला सांगितलं. स्प्रिंग म्हणजे माझा जोडीदार, चौतीस वर्षांचा, उंच, सडपातळ, एका जागी दोन मिनिटं उभा राहील तर शपथ. तो म्हणाला, "दादा, मग तुमच्या 'झालंच समजा'चं काय?" हे आपलं माझं पेटंट वाक्य आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी "झालंच समजा" म्हणतो. माणसाला धीर येतो. आणि मी करतोही नंतर. सव्वीस वर्षांत एक तक्रार नाही.

शनिवार, १७ जानेवारी

शिकवणी विनोदी चालली आहे. सासूबाईंना मला रागवता येत नाही. जावई ना मी! समोर बसून मी चूक करतो आणि त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला सांगतात, "अगं, त्यांना सांग, 'ही'च्या पुढे 'गोज' येतं, 'गो' नाही." बायको तिकडून ओरडते, "अहो, 'गोज'!" तीन माणसांची तार आहे आमची. शेजारच्या मुलीपर्यंत माझं व्याकरण पोचलंय.

पण रोजचं आणि आत्ताचं यातला फरक पक्का झाला. 'द लिफ्ट गोज अप', ही लिफ्टची सवय. 'द लिफ्ट इज गोइंग अप', ही आत्ताची बातमी. काल होस्टेलच्या इमारतीत स्प्रिंग वर मशीनच्या खोलीत होता, मी खाली. मी ऐटीत ओरडलो, "इज इट गोइंग?" तो वरून म्हणाला, "इट गोज, दादा, पण आत्ता नाही!" असा हसलो की हातातला पाना खड्ड्यात पडला.

मंगळवार, २७ जानेवारी

आज अवघड प्रकरण. इंग्रजीत 'केलं' दोन तऱ्हेने म्हणतात, आणि दोन्ही झालेलंच काम. मी म्हटलं, आई, झालं ते झालं, दोन दोन कशाला? मला वाटलं होतं त्या परत स्वयंपाकघराकडे वळतील, पण आज थेट माझ्याशी बोलल्या.

"मी विचारलं, जेवलात का? तुम्ही म्हणालात, 'एक वाजता जेवलो.' ही झाली जुनी बातमी. आणि तुम्ही म्हणालात, 'जेवलोय.' याचा अर्थ काय?"

"की पोट भरलंय. वाढू नका."

"बरोब्बर! जेवण मागेच झालं, पण पोट आत्ता भरलेलं आहे. 'आय हॅव क्लीन्ड' म्हणजे तसं. तुमच्या रिपोर्टमध्ये हेच पाहिजे. वाचणाऱ्याला काल काय झालं याच्याशी कर्तव्य नाही, आत्ता लिफ्ट कशी आहे ते कळलं पाहिजे."

काय बाई आहे! पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर आज मीच साहेब असतो. बायकोला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "शाळेत तुम्ही जायचात कुठे?"

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वर्गात हुशार, परीक्षेत भोपळा.

पहिला इंग्रजी रिपोर्ट लिहायला काल दीड तास लागला. मशीनच्या खोलीत तेलाच्या डब्यावर बसून घाम गाळला. काम पाऊण तासाचं आणि लिहिणं दीड तासाचं. स्प्रिंगने तेवढ्यात डुलकी काढली. आज सुपरवायझरने कागद परत दिला, साहेबांनी तांबड्या पेनने अकरा गोल केलेत. अकरा! शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह. डोळ्यांपुढे ट्यूबलाइट दिसायला लागली.

सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, सगळं येतंय तुम्हाला, घाईत चुकता. शांतपणे लिहा आणि मला दाखवा.

आणि संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, केस कापून घेताना, मला युक्ती सुचली. कामं ठरलेली असतात. उद्या कुठल्या इमारतीत जायचं हे आजच माहीत असतं. प्रत्येक लिफ्टची तीच आठ कामं. मग रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच का लिहू नये? घरी, टेबलावर, दिव्याखाली. सासूबाई तपासतील, मी पक्का उतरवून घेईन, दुसऱ्या दिवशी काम केलं की फोटो काढून पाठवायचा. वेळ वाचला, चुका संपल्या, स्प्रिंगची डुलकी तेवढी गेली.

न्हाव्याला म्हटलं, मी फार हुशार आहे. तो म्हणाला, मान हलवू नका.

सोमवार, ९ फेब्रुवारी

युक्ती एकदम फक्कड चालली आहे. पाच दिवसांत बारा रिपोर्ट, एकही गोल नाही. साहेबांनी माझा एक कागद ऑफिसच्या फळ्यावर नमुना म्हणून लावला. बाकीचे मेकॅनिक त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की बस्स.

सासूबाई खुशीत आहेत. संध्याकाळी मी आलो की चष्मा पुसून तयार. वाचता वाचता विचारतात, "दोराला ग्रीस लावलंत तर हात बरबटले असतील नाही?" मी म्हटलं, धुतले. परवा म्हणाल्या, "फार कष्टाचं काम आहे हो तुमचं. दिवसभर एवढं करून वर लिहिता." मला जरा चमत्कारिक वाटलं, पण कौतुक कुणाला नको असतं? मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या, "आमच्या जावयांचं काम वाचून मला लिफ्ट कशी चालते ते समजलं."

एक सुधारणा त्यांनी सुचवली. नुसतं 'ब्रेक तपासला' म्हणू नका, आकडा द्या. वाक्याला वजन येतं. म्हणून ब्रेकच्या पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहायला लागलो. आकडे आपले मागच्या मोठ्या तपासणीच्या कार्डावरचेच. पट्टी काही चार दिवसांत झिजत नाही.

आणि एक गंमत आहे. कागद आधीच तयार असला की प्रत्यक्ष काम कसं सरसर होतं. जाऊन बघायचं, सगळं लिहिल्याप्रमाणे आहे, पुढे चला. पूर्वी एका इमारतीला पाऊण तास लागायचा, आता पंचवीस मिनिटं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दगदग. आज तीन इमारती होत्या. सकाळी दहालाच तिन्ही रिपोर्टचे फोटो पाठवून दिले, कारण दुपारी नेटवर्क रडतं आणि साहेबांना बारापर्यंत कागद लागतात. दोन इमारती झाल्या. तिसरी दाताच्या दवाखान्याची. तिथे निघणार तेवढ्यात फर्निचरच्या दुकानातून फोन, मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत सोफा आणि सोफ्यावर बसलेला हमाल. हमाल मजेत होता, सोफा नवा होता. पण त्याला काढेपर्यंत पाच वाजले.

दाताची इमारत राहिली. उद्या आणि परवा स्प्रिंगची रजा आहे, एकट्याने टपावर चढायचं नाही असा नियम. सोमवारी करतो. तसंही लिहून झालंय.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आम्ही दाताच्या इमारतीत दुपारी जाणार होतो. लिफ्टने सकाळचाच मुहूर्त काढला.

सव्वाअकराला दातांच्या डॉक्टरबाई खाली औषधांचं खोकं घ्यायला आल्या होत्या. परत जाताना लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे थांबली. वर खुर्चीत त्यांचा पेशंट, तोंड बधिर केलेला, दात निम्मा कोरलेला. आम्ही पोचून त्यांना बाहेर काढेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. तोवर पेशंटचा बधिरपणा उतरला. जिन्यापर्यंत त्याचा आवाज येत होता. डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता धावत वर गेल्या. चूक माझी होती, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारण सापडायला दोन मिनिटं लागली. दाराचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले. दार नीट लागलंय हे त्यांच्यामुळे लिफ्टला कळतं. ते मळले की लिफ्टला वाटतं दार उघडं आहे, मग ती जागच्या जागी थांबते. पॉलिश पेपरने चार वेळा घासायचे, संपलं.

माझ्या गुरुवारच्या रिपोर्टमध्ये तिसरी ओळ आहे, 'आय हॅव क्लीन्ड ऑल द डोअर कॉन्टॅक्ट्स.' एकही चूक नाही वाक्यात.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

साहेबांनी गुरुवारी बोलावलंय. जेवण गेलं नाही, बायकोने दोनदा विचारलं, काय झालं. म्हटलं, ऊन लागलं.

स्प्रिंगने तोड काढली. तिसऱ्या मजल्यावर रंगकाम चाललंय, भिंती घासतायत, सगळीकडे पांढरी भुकटी. "दादा, गुरुवारी तुम्ही साफ केले, शुक्रवार-शनिवारी भुकटी बसली. कोण नाही म्हणणार? मी सांगतो ना, मी बरोबर होतो." पोरगं मनाने चांगलं आहे. मी होकार दिला नाही, पण घरी येईपर्यंत ती भुकटी मला खरीच वाटायला लागली होती.

संध्याकाळी सासूबाई चष्मा पुसून बसल्या. आणा म्हणाल्या आजचं. मी म्हटलं, आज नाही. मग का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई, पेशंट, कॉन्टॅक्ट, आणि रिपोर्ट मी आदल्या दिवशी लिहितो ते.

त्यांनी चष्मा काढला. "आदल्या दिवशी? म्हणजे तुम्ही रोज मला दाखवत होतात ते..."

"दुसऱ्या दिवशीचं."

"मी समजत होते तुम्ही दिवसभर राबून येता आणि ते लिहिता. मी त्या पेशंटच्या दाताची वाक्यं तपासली?" आणि मग बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. "अरे गाढवा! भाषा शुद्ध केली मी तुझी, आणि तू त्यात हवा भरून पाठवत होतास? मला फसवलंस की स्वतःला?"

बायको भांडं हातात घेऊन दारात उभी. सासूबाई उठून खोलीत गेल्या. मला खूप वाईट वाटलं. त्यातही एक वेड्यासारखं वाटलं ते लिहून टाकतो. आपल्याला कुणीतरी घरचं समजून रागवलं, असं वाटलं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सासूबाई काल दिवसभर बोलल्या नाहीत. आज निघताना फक्त म्हणाल्या, "इंग्रजीत बोलशील का मराठीत?" मी म्हटलं, ठरलं नाही. "काय बोलशील ते ठरव. भाषेचं नंतर बघ."

साहेबांच्या खोलीत मी, सुपरवायझर आणि स्प्रिंग. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनीच आयतं ताट पुढे केलं. सुपरवायझर मला मराठीत सांगायला लागला, "साहेब विचारतायत, तिथे रंगकाम चालू होतं ना? धूळ बसली असेल?" स्प्रिंग माझ्याकडे बघून डोळ्यांनी हो हो म्हणत होता. नुसती मान हलवायची होती. गोदाम टळत होतं, फळ्यावरचा कागद फळ्यावर राहत होता.

पेशंटचा तो आवाज मला आठवला. आणि मी सुपरवायझरला न सांगता सरळ साहेबांना म्हणालो, "नो डस्ट, सर. आय डिड नॉट गो देअर. आय रोट द रिपोर्ट वन डे बिफोर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "धिस रिपोर्ट?"

"ऑल रिपोर्ट्स, सर."

स्प्रिंगने कपाळाला हात लावला. का, असं साहेबांनी विचारलं. इतकं इंग्रजी मला झेपेना, मराठीत सांगितलं, "चुका होऊ नयेत म्हणून." सुपरवायझरने ते इंग्रजीत केलं. साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. हसू दाबत होते की राग, कळलं नाही.

निकाल असा. दाताची इमारत सोडून या महिन्यात ज्या एकवीस लिफ्टचे रिपोर्ट मी दिले, त्या सगळ्या पुन्हा बघायच्या. प्रत्येक गोष्ट मोजायची, तिथेच बसून लिहायचं, चुका झाल्या तरी चालतील. जे आधी लिहिलं त्याच्याशी सगळं जुळलं तर मी लिफ्टवर राहीन. एक जरी जुळलं नाही तर गोदाम.

मी खुशीत बाहेर आलो. कारण ती एक इमारत सोडली तर मी प्रत्येक ठिकाणी जाऊन काम केलेलं आहे. छातीवर हात ठेवून सांगतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ऑफिसात सगळे माझ्यावर उखडलेत. उस्ताद सगळ्यात जास्त. उस्ताद म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने मेकॅनिक, मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण! आपण कार्डं आधी भरून ठेवायचो हे काय नवं आहे? मीही भरतो, माझ्या गुरूनेही भरली. काम करतो ना आपण? मग झालं! आता साहेब सगळ्यांच्या मागे लागेल."

मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, तुझं कधीचं चुकलंय, तू इंग्रजी शिकलास तिथेच.

बुधवार, २५ फेब्रुवारी

चौदा लिफ्ट झाल्या. सगळं जुळलं. रिपोर्ट माझे मीच लिहितो, डब्यावर बसून. चुका ढीगभर, पण आता एक रिपोर्ट वीस मिनिटांत होतो. शिट्टी वाजवत पंधराव्या लिफ्टवर गेलो. वकिलांची ऑफिसं आहेत ती इमारत, आठ मजले, दिवसाला दोनशे माणसं वर-खाली करतात.

ब्रेक उघडला. स्प्रिंगने मोजपट्टी लावली आणि पुन्हा लावली. मी म्हटलं, वाच की. "दीड."

माझ्या रिपोर्टमध्ये चार आहे. दोनच्या खाली गेली की पट्टी बदलायलाच हवी. लिफ्ट ज्या ब्रेकवर उभी राहते तो ब्रेक हा.

मी स्वतः मोजलं. दीड. पुन्हा मोजलं. आणि मी घाबरलो तो वेगळ्याच गोष्टीने. मी त्या दिवशी इथे आलो होतो, ब्रेकजवळ वाकलो होतो, आणि मोजल्याचं मला *आठवत होतं*. चार मिलिमीटर. मोजपट्टी कशी धरली ते दिसत होतं डोळ्यांपुढे. देवाशपथ सांगितलं असतं. पण मी मोजलं नव्हतं. कागदावर चार होतं म्हणून नुसतं बघितलं आणि चार दिसलं. साहेबांशी मी खोटं बोललो असतो तर निदान मला माहीत तरी असतं. हे मला माहीतच नव्हतं.

स्प्रिंग म्हणाला, "दादा, नवी पट्टी गाडीत आहे. वीस मिनिटांत बदलतो. आपल्या दोघांशिवाय इथे कुणी नाही. जुनीचा आकडा लिहिलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

पट्टी बदलली. दोनदा तपासली. मग पायरीवर बसून लिहिलं. 'आय रोट फोर. इट वॉज वन पॉइंट फाइव्ह. आय डिड नॉट मेजर. नाऊ आय हॅव चेंज्ड इट.' कुणाला न दाखवता पाठवून दिलं. स्प्रिंग म्हणाला, गोदामात डास फार आहेत दादा. मी म्हटलं, माहीत आहे.

घरी सासूबाईंना तो फोटो दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. एका जागी बोट थांबलं, काहीतरी चुकलं असणार, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही. मग म्हणाल्या, "जेवलास का?"

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

साहेबांनी शब्द पाळला. तीन महिने गोदाम, सोमवारपासून. नंतर परत लिफ्ट. हात मिळवला त्यांनी, काहीतरी म्हणाले ते अर्धं समजलं. पण दुसरा हुकूमही काढला. सगळ्या मेकॅनिकनी आपापल्या सगळ्या लिफ्टचे ब्रेक पंधरा दिवसांत मोजायचे. ज्याची पट्टी कमी निघेल त्याला शिक्षा नाही, फक्त मोजलेला आकडा लिहायचा.

उस्ताद माझ्याकडे न बघता निघून गेले. बायको म्हणाली, तीन महिने काय, चुटकीसरशी जातील. रात्रभर कूस बदलत मीही तेच म्हणत होतो.

शनिवार, १४ मार्च

गोदामात दोन आठवडे झाले. रोजनिशी लिहावंसं काही घडत नव्हतं. खण, बोल्ट, डास. पहिल्या आठवड्यात तर कुणी माझ्याशी बोललंही नाही. सामान मागायचे, सही करायचे, जायचे.

पण ब्रेकच्या पट्ट्यांचा खण माझ्या डाव्या हाताला आहे. जुनं रजिस्टर काढून पाहिलं, गेल्या अख्ख्या वर्षात चार जोड्या गेल्या होत्या. या दोन आठवड्यांत मी अकरा दिल्या. पहिला आला तो जमिनीकडे बघत, एक जोडी द्या म्हणाला. किती निघाली, असं मी विचारलं नाही. दुसऱ्याने आपण होऊन सांगितलं, पावणेदोन. तिसऱ्याने जुनी पट्टी काउंटरवर ठेवली आणि "बघा" एवढंच बोलला. मग येणारा प्रत्येक जण जुनी पट्टी ठेवून जायला लागला. फळीवर ओळीने मांडल्या आहेत मी. सगळ्यांनी कार्डावर काय लिहिलं होतं कुणास ठाऊक. त्यांनाही आपण मोजल्याचं आठवत असेल.

आज सुटायच्या वेळी उस्ताद आले. खिशातून पट्टी काढून ठेवली. कागदाइतकी उरली होती. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "हॉस्पिटलची लिफ्ट. स्ट्रेचर नेतात तिच्यातून." मी नवी जोडी दिली, त्यांनी सही केली. जातील म्हटलं तर जाईनात. खणांवरच्या चिठ्ठ्या वाचल्याचं नाटक करत उभे राहिले.

"साहेबाला काय झालं ते लिहून द्यायचंय मला," शेवटी म्हणाले. "खरं खरं. मला एक वाक्य धड येत नाही. तुझ्या सासूबाई म्हाताऱ्या माणसाला शिकवतात का रे?"

उस्तादांबरोबर आधी हॉस्पिटलला जाऊन मग घरी आलो. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "काम करून झालंय त्यांचं, की करायचंय?"

"आत्ता पट्टी बसवून आलेत. मी बरोबर होतो."

"मग पाठव कधीही."

म्हटलं, "खाली उभे आहेत. वर यायला लाजतायत."

सासूबाईंनी भाजी बाजूला सारली आणि जिन्यात जाऊन हाक मारली.